निकेशच्या नावावरचं तिकीट

चामोर्शीला बाजारचौकाच्या मागे खताच्या दुकानावर एक खोली आहे. खाली युरियाचा वास, वर चार कॉम्प्युटर. त्या खोलीत अश्वजित रामटेके आणि त्याची तीन माणसं नागपूरच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरचं काम करीत. खोली लहान, पंखा कुरकुरणारा, शुक्रवारी वीज गेली की शनिवारचा भरवसा नाही. तरी तिची ख्याती नागपूरपर्यंत गेली होती, ती एका गोष्टीसाठी. तिथं कोणी कोणाच्या तिकिटाला हात लावत नसे. पुढं जे वाईट झालं ते याच चांगल्या गुणापायी झालं, म्हणून आधी हा गुण तिथं आला कुठून ते सांगितलं पाहिजे.

तिकीट म्हणजे बसचं नव्हे. सॉफ्टवेअरच्या कामात रोज दहा ठिकाणी दहा गोष्टी बिघडतात. इकडचं बटण दबत नाही, तिकडचं नाव उलटं उमटतं. तोंडी सांगितलेलं दुपारच्या जेवणापर्यंत विसरलं जातं. म्हणून असा एकेक बिघाड कॉम्प्युटरमधल्या एका फळ्यावर चिठ्ठीसारखा लिहून टाकतात. चिठ्ठीला नंबर असतो, करणाऱ्याचं नाव असतं, आणि काम कुठवर आलं तेही असतं: उघडं, चालू, तपासणीत, बंद. खाली ज्याला जे बोलायचं ते त्यानं लिहावं. ही चिठ्ठी म्हणजे तिकीट. फळा एकच, पण तो चामोर्शीतही दिसतो, नागपुरातही दिसतो, आणि खिशातल्या फोनवरही दिसतो.

अश्वजित मुळचा पिपरटोल्याचा. चामोर्शीहून मुलचेऱ्याकडे जाताना डाव्या हाताला वळलं की जंगलाच्या कुशीत पन्नासेक घरं लागतात, ते त्याचं गाव. गडचिरोलीला डिप्लोमा केला आणि सात वर्षं पुण्यात काढली. तिथल्या फळ्यावर तिकिटं उष्ट्या पत्रावळीसारखी या टेबलावरून त्या टेबलावर सरकत. 'माझं नाही, त्याचं', 'त्याचं नाही, तिचं'. बाप वामनराव अर्धांगानं खाटेला लागले तेव्हा अश्वजित परत आला, आणि नागपूरच्या त्या कंपनीच्या हर्षा मॅडमला पटवून त्यानं चामोर्शीत ही खोली उघडली. आजूबाजूच्या गावांतली तीन पोरं घेतली. पुनम तपासणीला, म्हणजे झालेलं काम खरंच झालं की नाही ते पाहायला. रिना आणि निकेश भांडेकर प्रत्यक्ष काम लिहायला.

पहिल्याच महिन्यात गोंधळ झाला. एक बिघाड निकेशनं दुरुस्त केला, तोच रिनानंही केला, आणि एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या दुरुस्तीनं पुसून गेली. तीन दिवस दोघं एकमेकांचं पुसत बसली.

"माह्या कामात हात काऊन घातला तुनं?" रिना म्हणाली.

"तुह्यं काम? त्यावर का तुह्या बापाचं नाव होतं?" निकेश म्हणाला.

"होतं! फळ्यावर पाह्य ना, डोये फुटले का?"

तेव्हा अश्वजितनं दोघांना खाली बसवलं, चहा सांगितला आणि पिपरटोल्याची रीत सांगितली. गावाच्या उगवतीला मोहाची झाडं आहेत. फुलं झडायला लागायच्या आधी प्रत्येक घर आपल्या झाडाला जुन्या लुगड्याची फाडलेली पट्टी बांधतं. तिला म्हणतात धडपा. एकदा धडपा बांधला की ते झाड त्या घराचं. खाली फुलांची गादी पडो, दुसरं कोणी वाकत नाही.

"आन् एखाद्यानं जास्त बांधले तं?" निकेशनं विचारलं.

"झिंगू होता ना तसा," अश्वजित म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. "सात झाडाले सात धडपे बांधून आला. त्याची बायको मंगली गावभर बोंबलत फिरली, 'अवो, हात दोन आन् धडपे सात! माह्यं नेसतं लुगडं फाडलं या मुडद्यानं! बाकीच्या झाडाले का माकडं ठेवतो का रे?' दोन झाडं येचून झाली. पाच झाडाची फुलं खाली सुकली, डुकरानं खाल्ली. पण गावानं हात नाई लावला."

"डुकरानं खाल्ली तरी?" पुनम म्हणाली.

"तरी. धडपा बांधणारा येते, हे धरून चालाचं. सोडाचा कोणी नाई. घरचा माणूस मेला तरच सोडतेत, आन् तो बी घरच्यानंच."

पोरं हसली. सगळी जंगलाकाठची, प्रत्येकाच्या गावात अशी काही ना काही खूण होतीच. पुण्यामुंबईच्या माणसाला पुस्तकं वाचून कळत नाही ते त्यांना चहा संपायच्या आत कळलं. त्या दिवसापासून फळ्यावरचं नाव म्हणजे धडपा. नाव दिसलं की दुसरा लांबूनच जाई. भांडण नाही, ढकलाढकली नाही. हर्षा मॅडम दुसऱ्या टोळ्यांना सांगत, चामोर्शीकडून शिका.

निकेश त्या खोलीतला सगळ्यात हसरा पोरगा. अंगानं काडी, डोळ्यांत कायमची पिवळट झाक. त्याला जन्मापासून सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, आणि मग हाडाहाडांत कळा उठतात. त्या रोगाचं सरकारी कार्ड पाकिटात, आणि दोन लिटरची पाण्याची बाटली कायम हाताशी. पुनम त्याला 'पाणटाकी' म्हणे.

"ए पाणटाकी, उन्हायाचं आमच्या गावाले बी एक नळ दे."

"तुह्या गावाले देलं तं मले का उरन? तुमी म्हशी बी धुता." निकेश उत्तर देई आणि बाटली तोंडाला लावी.

त्या वर्षी कंपनीकडं एक काम आलं होतं. जंगलालगतच्या गावांसाठी वाघाची वर्दी. कोणाला वाघ दिसला, ताजा माग दिसला, की त्यानं एका नंबरवर कळवायचं, आणि आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या फोनवर खबर जायची. मोहाच्या दिवसांत बाया पहाटे झाडाखाली वाकून फुलं वेचतात. वाकलेली बाई वाघाला बाई दिसत नाही. म्हणून मोह झडायच्या आत हे चालू व्हायला पाहिजे होतं. सगळं जमलं, पण बटणाच्या जुन्या फोनवर मराठी अक्षरं उमटत नव्हती. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन.

हा बिघाड निकेशनंच शोधला. आई आशाबाईच्या फोनवर खबर पाठवून पाहिली होती.

"दादा, आईले वाघ चौकोनी दिसते," तो खोलीत शिरतानाच म्हणाला. सगळे हसले. मग तो बसला, तिकीट लिहिलं, दोनशे चौदा नंबर पडला, आणि खाली स्वतःचं नाव टाकलं. "हे माह्यं. अक्षर नाई उमटत तं आवाज पाठवू. फोन वाजन आन् माणूस बोलन. आई वाचत बी नाई, आयकते तं."

दोनशे चौदाचं काम अर्ध्यावर असताना मार्चच्या पहिल्या उन्हानं त्याला गाठलं. गावाहून मोटरसायकलनं येताना बाटली रिकामी झाली, वाटेत कळा सुरू झाल्या, आणि धनराजनं, त्याच्या बापानं, त्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं.

तिसऱ्या दिवशी अश्वजित भेटायला गेला. निकेश सलाईन लावून पडला होता, आशाबाई पायथ्याशी. डॉक्टरीण बाई येऊन सांगून गेल्या होत्या: पाणी, औषध आणि आराम, उठून बसायचंही नाही.

"दादा, दोनशे चौदा माह्याच नावावर आहे ना?" निकेशनं पहिलं हेच विचारलं.

"तुह्याच नावावर. कोणी हात नाई लावत."

निकेश हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा हसला, असं आशाबाई म्हणाल्या. अश्वजित परत येताना समाधानात होता. पोराला आपण काही तरी देऊन आलो असं त्याला वाटलं. बस चामोर्शीला लागेपर्यंत त्याला तो हसरा चेहराच दिसत होता.

दोन दिवसांनी हर्षा मॅडमचा फोन आला.

"अश्वजित, मोह सुरू व्हायला आठवडा आहे. दोनशे चौदा कधी?"

"निकेश आला की, मॅडम."

"तो कधी येणार?"

"ते अजून सांगता येत नाही."

"मग नाव बदला. रिनाला द्या."

अश्वजितनं मान वर करून खोलीत पाहिलं. रिना कानात तार घालून काम करत होती. तिला म्हटलं असतं तर ती नाही म्हणाली नसती, पण त्या नावाला हात लावताना तिचा चेहरा कसा झाला असता ते त्याला दिसत होतं. दवाखान्यात पडलेल्या माणसाचं नाव काढायचं, आणि त्याला तिथं खाटेवर फोनवर ते दिसायचं. गावात कोणी असा धडपा सोडला असता तर लोकांनी त्याच्या तोंडावर थुंकलं असतं.

"मॅडम, नाव नाही काढत मी."

हर्षा मॅडम वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, "बरं, काम इथल्या एकीला देते. नाव राहू द्या त्याचंच. पण त्याला सांगून टाका."

"सांगतो."

नागपुरात चार दिवसांत ते काम झालं. चौकोनांच्या जागी आवाज आला. मोहाची पहिली फुलं पडायच्या आधीच जंगलाकाठच्या फोनांवर वर्दी बोलू लागली. फळ्यावर मात्र दोनशे चौदा तसंच, निकेशच्या नावावर, 'चालू'. त्यावर कोणी काही लिहू नये असं अश्वजितनं सगळ्यांना सांगून ठेवलं.

"दादा, त्याले सांगून टाकू का?" पुनमनं विचारलं.

"घरी आल्यावर सांगू. आता त्याच आशेवर आहे. काम वाट पाह्यते म्हटलं की माणूस लवकर उठते."

पुनम आपल्या टेबलाकडं वळली. पण तिला पटलं नव्हतं, हे अश्वजितला त्या दिवशीही कळलं होतं.

पुढच्या सोमवारी फळ्यावर दोनशे चौदाखाली निकेशचं लिहिणं दिसलं. 'काम चालू आहे. चार दिवस द्या.'

रिनानं टाळी वाजवली. "उठून बसला वाटते पाणटाकी!" अश्वजितलाही इतका आनंद झाला, की त्यानं विचार न करता त्या ओळीला अंगठा दिला. फळ्यावर अंगठा म्हणजे शाबासकी. तो अंगठा दाबून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की पोरगा झोपून हे करत नसणार. त्यानं फोन लावला.

"आराम करून राह्यला ना?"

"हो दादा. आराम आहे."

"घाई नाई बरं."

"नाई दादा. पण मोह सुरू झाला ना. गावच्या बाया निंगाल्या असतीन."

इथं सांगायचं होतं. एक वाक्य होतं. 'झालं ते काम, निकेश, झोप तू.' अश्वजितच्या तोंडापर्यंत आलंही. पण नेमकं तेव्हा त्याला वाटलं, फोनवर कसं सांगायचं? गुरुवारी जाऊ, समोर बसून, हात धरून सांगू. गुरुवारी नागपूरहून पाहुणे आले. शुक्रवारी वामनरावांची तब्येत बिघडली. शनिवारी बाजार, आणि बाजाराच्या दिवशी गडचिरोलीच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. अशी कारणं, एकापेक्षा एक खरी.

रविवारी दुपारी दोनशे चौदा 'तपासणीत' गेलं. खाली निकेशनं लिहिलं होतं, 'झालं. पुनमताई, तपासून पाहा. काही चुकलं असन तं सांगजा.'

मंगळवारी निकेशच्या छातीत दुखायला लागलं. श्वास लागला, ऑक्सिजन लावला. बुधवारी दुपारी साडेतीन वाजता तो गेला. धनराजनं फोनवर एवढंच सांगितलं, "भाऊ, पोरगा गेला."

हा रोगच असा, कोणी बसून काम करो की निजून राहो, काय झालं असतं ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीण बाई नंतर म्हणाल्या. त्यांचं खरंही असेल. पण अश्वजितच्या मनाची समजूत त्यानं पटली नाही.

पुढच्या आठ दिवसांत पुनमनं एक काम केलं. कोणी सांगितलं नव्हतं. निकेशनं लिहिलेलं सगळं उघडलं, आपल्या आईचा बटणाचा फोन घेऊन आली, आणि तपासलं. फोन वाजला. निकेशच्याच आवाजात वर्दी आली, 'वाघ दिसला आहे. आज जंगलात जाऊ नका.' दवाखान्यात खाटेवर बसून भरलेला आवाज, मागं कुठं तरी भांड्याचा खणखणाट.

"चालते, दादा," पुनम म्हणाली. "काई चुकलं नाई त्याचं." आणि ती तोंडाला ओढणी लावून जिन्यावर गेली.

चालत होतं, पण ते लावायला कुठं जागाच नव्हती. ती जागा केव्हाच भरली होती.

तेराव्यानंतर अश्वजित भांडेकरांच्या घरी गेला. ओसरीत धनराज दोर वळत बसले होते, पण दोर पुढं जात नव्हता. आशाबाईनं टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप आतून आणला आणि अश्वजितपुढं ठेवला.

"हे तुमच्या ऑफिसचं, भाऊ. तांदळाच्या थैलीत घालून नेलं होतं म्या दवाखान्यात. त्यानंच मांगतलं."

अश्वजितनं त्याला हात लावला नाही.

"डॉक्टरीण बाई गेल्या का हा उठून बसे," आशाबाई सांगू लागल्या. "म्या म्हणो, बाबू, लेट ना रे, हात थरथरून राह्यले तुहे. तं म्हणे, आई, माह्याच नावावर आहे ते. दुसरं कोणी हात नाई लावत तिथी. म्याच नाई केलं तं बाया मोह येचाले जातीन आन् वाघ येईन." त्यांनी पदरानं लॅपटॉपवरची धूळ पुसली, धूळ नव्हती तरी. "त्याचं काम पुरं झालं का, भाऊ?"

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. झालं बाई, तुमच्या पोरानं गावं वाचवली. त्या माउलीनं ते आयुष्यभर जपून ठेवलं असतं, आणि पुनमनं, रिनानं, नागपूरनं कोणी तिला खोटं पाडलं नसतं. अश्वजितनं तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडून खरं तेच निघालं.

"झालं बाई. पण ते दुसऱ्यानं केलं. नागपूरले. निकेशनं दवाखान्यात हाती घ्याच्या आधीच झालं होतं."

आशाबाईला पहिल्यांदा कळलं नाही. "कवा?"

"त्यानं पुरं कराच्या आठ दिवस आधी."

"तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग त्याले काऊन नाई सांगतलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्या खरंच विचारत होत्या, जसं लहान पोर विचारतं.

"त्याले वाईट वाटन म्हणून," अश्वजित म्हणाला. "नाव काढलं तं त्याले वाटन, आपली जागा गेली."

"वाईट वाटलं असतं," आशाबाई म्हणाल्या. "दोन दिवस रुसला असता. पण लेटला असता ना, भाऊ."

धनराजनं दोर खाली ठेवला. "राहू दे, आशा," ते म्हणाले, पण कोणाकडं न पाहता.

चहा आला तो तसाच थंड झाला. निघताना आशाबाईनं त्याला दारापर्यंत पोचवलं नाही. लॅपटॉप मात्र त्याच्या हातात ठेवला, आणि टॉवेल काढून घेतला, कारण तो निकेशचा होता.

दुसऱ्या दिवशी अश्वजित खोलीत सगळ्यांच्या आधी आला. दोनशे चौदा उघडलं आणि खाली लिहिलं: 'हे काम नागपूरहून आधीच पूर्ण झालं होतं. निकेश दवाखान्यात असताना मी त्याला सांगितलं नाही. त्यानं ते पुन्हा केलं, आणि बरोबर केलं. सांगायचं काम माझं होतं.' खाली आपलं नाव टाकलं, आणि तिकीट बंद केलं. हर्षा मॅडमनी वाचलं, पुनमनं वाचलं, रिनानं वाचलं. कोणीही त्याला अंगठा दिला नाही.

जुलैत रिनाला मलेरिया झाला. तिच्या नावावर तीन तिकिटं होती. दुसऱ्याच दिवशी अश्वजितनं तिला फोन लावला.

"तुही तिन्ही कामं नागपूरले देली, फळ्यावरून तुह्यं नाव काढलं."

"मले इचारलं बी नाई?" रिना तापातच तडकली. "चार दिवसाचा ताप आहे दादा, मेली नाई मी! म्या करते म्हटलं असतं."

"म्हटलं असतं, म्हणूनच नाई इचारलं. फोन बंद कर आन् झोप."

रिनानं फोन आपटला. बरी होऊन आल्यावर पंधरा दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तो सकाळी तिच्या टेबलाजवळून जाताना तिनं मान फिरवली की अश्वजित थोडं थांबे, ताप गेल्यावर तिच्या गालावर परत आलेला रंग पाही, आणि आपल्या जागेवर जाऊन बसे.